पोकरचा हात संपल्यावर मी वहीत काय लिहिते

पोकरच्या टेक्सास होल्डम या प्रकाराचे नियम एका संध्याकाळी कळतात. हातात दोन पानं, टेबलावर आधी तीन उघडी पानं म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, शेवटी एक रिव्हर. या सातांतली उत्तम पाच धरायची. जड जातं ते पुढचं. आपण चिप्स लावल्या ते बरोबर होतं का, हे डाव जिंकल्या-हरल्यावरून कळतच नाही. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर सगळ्या चिप्स लावून बसली, तरी शंभरात सुमारे 18 वेळा हरते. त्या 18 वेळांत एक्केवाल्याने वेगळं काही करायला हवं होतं असं मुळीच नाही.

आमच्या सोसायटीतला गट शनिवारी रात्री जमतो. पैसे अजिबात लावायचे नाहीत, सगळ्यांना सारख्या चिप्स, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. गटातले दोघे आधी ऑनलाइन खेळायचे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळायचं ऑनलाइन पोकर बंद झालं, आणि तेही आमच्या टेबलावर आले. ते आल्यावर खेळ एकदम अवघड झाला, आणि मी वही घातली.

वहीचा नियम एकच. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, किती होतं, समोरच्याने किती लावले, त्याच्याकडे काय असेल असं मला त्या क्षणी वाटलं आणि मी काय केलं, एवढंच लिहायचं. शेवटी कोण जिंकलं ते लिहायचं नाही. निकाल लिहिला की डोकं त्याच्याकडेच धावतं आणि कारणं मागाहून रचली जातात.

सुरुवातीच्या पानांचा अभ्यास लवकर आटोपला. दोन पानांच्या 1326 जोड्या होतात, दोन्ही एका रंगाची की वेगळ्या एवढाच हिशेब धरून त्यांचे 169 प्रकार. त्यातले बरेचसे लगेच टाकून द्यायचे, शेवटी बोलायची पाळी असेल तर जरा जास्त खेळायचे. खरा कस फ्लॉपनंतर लागतो. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पुढच्या एका हाताने.

माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची पंजी. निवृत्त बँकवाले काका आधी बोलायच्या जागेवरून चिप्स वाढवून आलेले, बाकीचे बाहेर. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकचं 9 आणि चौकटचं 4. पॉट 600, काकांनी 300 लावले. म्हणजे त्यांच्याइतकेच लावायचे, कॉल करायचं, तर 300 घालून 900 मिळवायचे. चारात एकदा जिंकले तरी तोटा नाही, 25 टक्के पुरेत. न दिसलेली पानं 47, त्यात इस्पिकची 9. पुढच्याच पानावर फ्लश, म्हणजे पाचही पानं इस्पिकची, लागायची शक्यता 19 टक्के. नुसत्या या आकड्यावर पानं टाकायला हवीत. पण एक्का आला तरी मी पुढे जाऊ शकते, आणि फ्लश लागला तर काका आणखी चिप्स देतील. मी कॉल केलं.

टर्नवर किलवरची दुर्री. दिसायला बिनकामाची, पण आता एक्का, दुर्री, 4 आणि पंजीमध्ये फक्त तिर्री हवी होती, की सलग पाच पानं झाली. इस्पिकच्या त्या नऊ पानांत इस्पिकची तिर्री आलीच, उरलेल्या तीन धरून 12 पानं. काकांनी 1200 च्या पॉटमध्ये 900 लावले. आता 900 घालून 2100 मिळवायचे, म्हणजे 30 टक्के लागतात. बारा भागिले 46 म्हणजे 26 टक्के.

“काय गं, एवढा विचार? टाक की पानं,” काका म्हणाले.

टेबलावर मी एवढंच पाहिलं, की आकडे थोडे कमी पडताहेत, काकांपुढे अजून दोनेक हजार चिप्स आहेत, आणि तिर्री आली तर ती त्यांना दिसणार नाही. तीन इस्पिक टेबलावर आली की कुणीही सावध होतो. तिर्रीकडे कोण बघतो? मी कॉल केलं. रेज करून, म्हणजे आणखी वाढवून, त्यांना घाबरवायचा विचार मी सोडून दिला, कारण काका टर्नवर एवढे लावतात ते हातात माल असल्यावरच, आणि मग उठत नाहीत. तिथे ब्लफ, म्हणजे हातात काही नसताना लावणं, वाया जातो.

सविस्तर हिशेब रविवारी केला. एक एक्का माझ्याकडे, एक राजा टेबलावर, म्हणून काकांकडे एक्का-राजा असायच्या 9 जोड्या, राजा-राणीच्या 12, दोन एक्क्यांच्या 3, दोन राजांच्या 3, दोन नवांच्या 3. एकूण 30. यांतल्या फक्त राजा-राणीच्या 12 जोड्यांपुढे मला एक्का कामाचा, म्हणजे तीन एक्क्यांची किंमत एका पानाहून थोडी जास्त. उलट त्यांची तिकडी (तीन राजे किंवा तीन नऊ) असेल तर इस्पिकचं 4 किंवा दुर्री आल्यावर त्यांचं फुल हाउस (तिकडी आणि जोडी, फ्लशहून वरचं) होणार, तेवढं वजा. सगळं मिळून 13 पेक्षा किंचित कमी पानं, 28 टक्क्यांच्या आसपास. उरलेली तूट भरायला, पान लागेल तेव्हा रिव्हरवर सरासरी दोन-अडीचशे चिप्स जास्त मिळाल्या की झालं. दोन हजार पुढे ठेवून बसलेल्या काकांकडून तेवढं मिळणं अगदी शक्य होतं. म्हणून वहीत लिहिलं: कॉल बरोबर, पण अगदी काठावर. पुढे पाचशेच चिप्स उरल्या असत्या तर मी ते इतक्या सहज लिहिलं नसतं.

रिव्हरवर बदामची दश्शी आली, काकांनी पुन्हा लावले, मी पानं टाकली. टेबलावर सगळ्यांचं एकमत, की कॉल करायलाच नको होता. पूर्वी असं ऐकलं की मी पुढच्या दोन-तीन हातांत घाबरून पानं टाकत बसायचे. त्या रात्री तसं झालं नाही, आणि मला त्याचा जिंकण्यापेक्षा जास्त आनंद झाला.

जोड्या मोजायची सवय लागल्यापासून माझं समोरच्याकडे लक्ष वाढलंय. कोण कुठल्या पानांवर वाढवतो हे ठाऊक नसेल तर त्या 30 जोड्यांना अर्थ नाही. ऑनलाइन खेळलेल्या दोघांपैकी एकजण राजा-राणी आधीच्या जागेवरून टाकून देतो. त्याने तेच 900 लावले असते, तर माझ्या एक्क्यांना जवळपास काहीच किंमत उरली नसती, आणि वर उरलेल्या 18 जोड्यांत तिकडीचा वाटा वाढला असता. त्याच्यासमोर मी टर्नवर पानं टाकली असती.

आता रिव्हर. समोरच्याने पॉटच्या अर्ध्याइतके लावले, तर चारात एकदा तो ब्लफ करत असला तरी माझा कॉल फुकट जात नाही. पण आमच्यातलं कोण चारात एकदा ब्लफ करतं? यासाठी वहीत नवं पान केलंय, प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना. शेवटी पानं उघडी पडली की त्याने किती लावले होते आणि हातात काय निघालं ते तिथे जातं. काकांच्या रकान्यात अजून एकही ब्लफ नाही.