एकेचाळीस

२८ डिसेंबर २०२५, रविवार. रात्र.

आज पाळकसाहेबांनी भर उपासनेत माझ्या खोट्याबद्दल देवाचे उपकार मानले आणि सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणाली. मीसुद्धा म्हणाले. तेही जरा मोठ्यानं, कारण गप्प बसले असते तर शेजारच्या अक्कानं वळून बघितलं असतं.

झालं ते एवढंच. पाव मिनिटाचं काम. पण दुपारी जेवण गोड लागेना. नाताळची करंजी हातात धरून मी खिडकीशी उभी, आणि नात विचारते, ‘अज्जी, एनायितु?’ काय झालं ते तिला काय सांगू?

काल रात्री चर्चच्या मुख्य ऑफिसला पाठवायचा वर्षाचा फॉर्म भरला. बाप्तिस्मे, दृढीकरण, लग्नं, दफनविधी, हे रकाने पाच मिनिटांत झाले. मग आला ‘मराठी उपासना, सरासरी हजेरी’. वही काढली. तीच ती, लाल कापडी पुठ्ठ्याची, तात्यांनी घातलेली. दर रविवारी एक ओळ: तारीख, गायनांचे नंबर, शास्त्रपाठ, हजेरी, दान. २१ तारखेपर्यंत ५१ रविवार. त्यातले तीन आमच्याच चर्चच्या कन्नड उपासनेबरोबर एकत्र झाले, म्हणजे पुनरुत्थानाचा सण, हंगामाचा सण आणि परवाची कॅरोलची उपासना. ते सोडले. उरले ४८. बेरीज १६५६. भागाकार दोनदा केला. साडेचौतीस.

तो अर्धा कोण, ह्याचा विचार करत मी थोडा वेळ बसले. (माझ्या मते खजिनदार अण्णा. उपदेश सुरू झाला की बाहेर, दानाच्या गायनाला आत.)

मग मी ४१ लिहिलं. पेनानं.

आधी चाळीसच लिहिणार होते. पण चाळीस फार बायबलातलं दिसतं. चाळीस दिवस पाऊस, चाळीस वर्षं रान. कुणाचाही विश्वास बसला नसता. एकेचाळीस कसं मोजल्यासारखं वाटतं. म्हणजे बघा, खोटं लिहितानाही मी डोकं लावलं. ते जास्त लागतंय की ४१ जास्त लागतंय, हे सकाळपासून कळेना झालंय.

कारण होतं. नव्या वर्षापासून चाळीसच्या आतल्या उपासना दुसरीत मिसळायचं चाललंय, असं अण्णा २४ तारखेला केकचे डबे मोजता मोजता म्हणाले. कुठं लिहून आलेलं नाही. नुसतं म्हणाले. त्या नुसत्या म्हणण्यावर मी शास्त्रपाठ वाचणारी बाई, वर्षाला ३१२ माणसं जास्तीची आणून बाकांवर बसवली. पेत्राला एका उपदेशात तीन हजार मिळाले, मला एका पेनात तीनशे बारा.

मोजायचं कसं, हे तात्यांनी शिकवलेलं. दुसऱ्या गायनाला मोजायचं, कारण पहिल्याला आपले लोक अजून गेटवर सलाम करत असतात आणि तिसऱ्याला काहीजण घड्याळ बघत उठलेले असतात. मागच्या बाकावरून पुढं, उजवीकडून डावीकडे. मांडीवरचं पोर धरायचं, पोटातलं नाही. पाळकाला मोजायचं नाही. ‘तो पगारावर आलाय की,’ म्हणायचे. स्वतःला मोजायचं, पण सगळ्यात शेवटी. आणि आकडा तिथल्या तिथं तळहातावर लिहायचा. आशीर्वादापर्यंत माणूस विसरतो. तात्यांच्या तळहातावर रविवारी दुपारपर्यंत शाई असायची.

जूनमध्ये तात्या गेले. त्यानंतरचे दोन रविवार मी तिसऱ्या बाकाच्या कडेला त्यांना मोजलं. सवयीनं. घरी आल्यावर खोडून एक कमी केला. ती खाडाखोड वहीत आहे अजून. त्यावर आज काही लिहायचं नाही.

१३ जुलैला १७. बेळगावचा पाऊस, त्यात आमचं छप्पर. अर्धे बाक भिंतीपासून ओढून मधे घेतलेले, आणि पाळकसाहेब छत्रीचं पाणी गळत असताना नोहावर बोलले. ७ सप्टेंबरला १९. आदल्या दिवशी विसर्जन, मिरवणूक सकाळीही संपलेली नव्हती, रस्ते बंद. आमचीच दोन पोरं ढोल वाजवून थेट चर्चमध्ये आली, कानात गुलाल, आणि दुसऱ्या शास्त्रपाठाला झोपली. त्यांना मी मोजलं. झोपलेला धरायचा की नाही, हे तात्यांनी सांगितलं नव्हतं. २ नोव्हेंबरला ३८. एक तारखेला गावात इकडे राज्योत्सव, तिकडे काळा दिन, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर बसून खोकत होती.

पाटीचा वाद ह्याच वर्षातला. रंगवताना कन्नड वर, मोठं. मराठी खाली, बारीक. दोन बुधवार त्यात गेले. शेवटी रंगाऱ्यानं दोन्ही चुकीचं लिहिलं आणि सगळ्यांचं एकमत झालं.

बुधवारवरून आठवलं, फॉर्मला बुधवार नाही. घरसभेला अकरा-बारा बायका येतात. त्यातल्या चौघी रविवारी कधीच दिसत नाहीत, कामावर असतात. त्या कुठंच नाहीत. ऑगस्टमध्ये आम्ही दवाखान्यात आळीपाळीनं रात्री बसलो, तेही कुठं नाही. हंगामाच्या सणाला एकच दुधी तीनदा लिलावात गेला. घेणारा प्रत्येक जण ‘परत लावा की’ म्हणायचा. त्याचे पैसे मात्र आहेत, दानाच्या रकान्यात. हे सगळं धरून मी मनात माझी बाजू रचत होते. रचून झाली, छान झाली, आणि तरी ४१ खोटंच राहिलं. बुधवारच्या बायका रविवारच्या रकान्यात बसत नाहीत. माझ्या तर मुळीच नाहीत. मी त्यांना धरून ४१ केलं नव्हतं. मी काही न धरताच केलं होतं.

खरं ते लिहिते. रागानं केलं. कोण येतं बाकी? चावी माझ्याकडे, फुलं माझ्याकडे, प्रभुभोजनाचे पेले धुणं, वाळवणं, मोजून पेटीत ठेवणं माझ्याकडे. गुडघे गेले. सकाळी पावणेआठला मी एकटी दार उघडते, कबुतरांची घाण पुसते, पंखा लावते, आणि आठला सहा माणसं. पुण्याला गेली ती गेली, बेंगळूरला गेली ती गेली. उरलेल्या पोरांना की-बोर्ड आणि ड्रम हवेत, ते तिकडच्या हॉलमध्ये मिळतात. देवनागरी वाचता येत नाही म्हणून गायन मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत. मी कुणाला बोलावं? माझ्याच घरातली तीन माणसं दहाच्या कन्नड उपासनेला जातात. सून गदगकडची, मुलगा तिच्याबरोबर, नात त्यांच्याबरोबर. ते बरोबरच आहे. मी घरी नातीशी कन्नडच बोलते. रात्री झोपताना ती माझ्या कुशीत ‘परलोकदल्लिरुव नम्म तंदेये’ म्हणते आणि मीही तिच्याबरोबर तेच म्हणते, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ बाजूला ठेवून.

त्या तिघांना धरून सरासरी काढून बघितली. साडेसदतीस. तेवढ्यानंही भागलं नसतं.

दुपारी झोप येईना म्हणून शास्त्र उघडलं. उघडायला नको होतं. दावीदानं शिरगणती केली आणि देशात मरी येऊन सत्तर हजार माणसं मेली. त्यानं तर बरोबर मोजलं होतं!

पण मग एक गंमत सापडली आणि खरं सांगायचं तर तिथून जरा श्वास आला. भाकरी आणि मासे वाटले तेव्हा जेवणारे किती? सुमारे पाच हजार पुरुष. सुमारे. स्त्रिया आणि मुलं सोडून (त्यांना कोण मोजतंय). पेंटेकॉस्टला किती जण मिळाले? सुमारे तीन हजार. सगळीकडे सुमारे. नेमका आकडा मला एकाच ठिकाणी आठवला: योहानात, जाळं ओढून किनाऱ्यावर आणलं तेव्हा मोठे मासे एकशे त्रेपन्न. कोळीच ते. मासळी विकणारा मोजल्याशिवाय राहील का? माणसांच्या बाबतीत सुमारे आणि माशांच्या बाबतीत चोख. फॉर्मच्या रकान्यात मी एवढा एक शब्द आधी लिहिला असता, ‘सुमारे’, तर शास्त्राधार होता. तरी सुमारे साडेचौतीस म्हणजे ३५. ४१ कुठल्याच भाषेत होत नाही.

हसू आलं. एकटीच हसले. सुनेनं आतून विचारलं, ‘अत्ते?’ काही नाही म्हटलं.

टेलरसाहेब आठवले. १८२० साली लंडन मिशनचे मिशनरी म्हणून बल्लारीहून बेळगावात आले. मराठी, कन्नड दोन्ही कानावर पडणारं गाव तेव्हाही. मागून आलेल्या बेननसाहेबांचं नाव शाळेला तरी लागलं. टेलरसाहेबांनाही वर्षाचा अहवाल लंडनला पाठवावा लागायचा. बोटीनं. पहिल्या वर्षी रकान्यात काय भरलं असेल? समोर चार माणसं बसलेली आणि तिकडे वाट बघणारी सगळी विलायत. मनात आलं, एखाद्या रात्री साहेबाचाही हात लांबला असेल. मग वाटलं, बघ, आता मेलेल्या माणसाला सोबतीला ओढतेस.

पाळकसाहेबांना कळलं असेल का? हेच डोक्यात घोळतंय. त्यांची मराठी शिकलेली, मेहनतीनं. अजून ‘हजेरी वाढलं’ म्हणतात. सकाळी फॉर्मवर सही करताना ४१ वर बोट ठेवून थांबले. मला वाटलं, आता विचारतील. तर चेहरा असा उजळला की काय सांगू. ‘चांगलं झालं की आंटी. मला वाटत होतं कमी झालं.’ बिचारे वर्षभर आपल्या उपदेशाला, आपल्या उच्चारांना दोष देत असणार. आणि नंतर वेदीपाशी हात वर करून, ‘प्रभू, मराठी उपासनेत तू वाढ दिलीस.’ डोळे मिटलेले. मी बघत होते. मिटायचे ते माझे होते.

त्यात आज खरंच ४३ होते. पुण्या-मुंबईची माणसं नाताळाला आलेली, बाक भरलेले, पोरं रडतायत, आमेन घुमला. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. फक्त अण्णा बाहेर चपला घालताना माझ्याजवळ वाकून म्हणाले, ‘अक्का, वाढ कुठं झाली गं? का कबुतरं धरलीस?’

मी म्हटलं, ‘तुम्ही उपदेशाला आत बसत जा, अर्धा वाढेल.’ त्यांना काही कळलं नाही.

संध्याकाळी धीर करून पाळकसाहेबांच्या घरी फोन लावला. पाळकीणबाईंनी उचलला. साहेब खानापूरकडे गेलेत, तिथल्या मंडळीचा नाताळाचा कार्यक्रम, यायला रात्र होईल.

‘फॉर्म पाठवला काय गं?’

‘दुपारीच फोटो काढून पाठवला की, आंटी. काही राहिलं काय?’

मी म्हटलं, ‘राहिलं असं नाही. आल्यावर त्यांना सांग, मला जरा बोलायचंय. घाई नाही.’ घाई नाही हे का म्हटलं कुणास ठाऊक.

‘सांगते. बरं झालं तुम्हीच फोन केला,’ ती म्हणाली. ‘३१ च्या रात्रीची वचनं कापायलाच बसूलाले. मराठीची किती कापू? साहेब म्हणाले, ४१ आणि वर थोडी.’

दरवर्षी लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वचनं लिहून कापतो आम्ही. एकेक जण पुढं येऊन ताटातून एक उचलतो. उरलेली वचनं ताटात दिसतात. सगळ्यांना दिसतात.

‘पस्तीस काप,’ मी म्हटलं. मग म्हटलं, ‘नको, थांब. पन्नास काप.’

‘पन्नास? एवढी पत्रिका नाहीत आंटी माझ्याकडे.’

माझ्या कपाटात आहेत, म्हटलं. उद्या दुपारी घेऊन येते. कात्री आण म्हणाली, तिची बोथट झालीय.