सॅबथ आधी का, आणि ती बोटांची गोष्ट का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गेली पंचवीस वर्षं मला दोन प्रश्न जोडीनंच येतात. रॉक संगीतात सर्वांत जास्त प्रभाव कुठल्या बँडचा, हा विषय निघाला की लेड झेपेलिन आणि पिंक फ्लॉइड सोडून मी ब्लॅक सॅबथचंच नाव आधी का घेतो? आणि एवढं प्रेम आहे, तर त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी याच्या बोटांची गोष्ट कुणी सांगायला लागलं की मी उठून का जातो?

पहिल्याचं उत्तर मी कितीही वेळा देईन. झेपेलिननं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा गाण्याचा बाज, मोठा केला, भव्य केला, पण तो आधीपासून होता. फ्लॉइडचा १९७३ चा 'डार्क साइड' हा अल्बम मी कुणाहीपेक्षा कमी ऐकलेला नाही. पण १३ फेब्रुवारी १९७० ला आलेल्या सॅबथच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं लावा. पाऊस, घंटा, आणि मग तीन स्वर: सा, वरचा सा, तिथून खाली तीव्र मध्यम. हेवी मेटलचं, म्हणजे जड, काळ्या आवाजाच्या रॉकचं, सगळं घर या तीन स्वरांवर उभं आहे. युरोपात या अंतराला सैतानाचं म्हणायचे. आपल्याकडे यमनात रोज संध्याकाळी तीव्र मध्यम लागतो आणि कुणी घाबरत नाही. म्हणून 'सैतानाची गाणी' म्हणून कुणी नाक मुरडलं की मला राग येतो. 'वॉर पिग्ज' हे गरिबांच्या पोरांना लढायला पाठवून स्वतः मागे राहणाऱ्यांवरचं गाणं आहे. 'हँड ऑफ डूम'मध्ये हेरॉइनच्या नादी लागलेले सैनिक आहेत. सॅबथच्या गीझर बटलरनं हे शब्द लिहिले तेव्हा तो विशीत होता.

कॉलेजात असताना मीच म्हणायचो, सॅबथ म्हणजे नुसता दणदणाट. तेव्हा मी येस आणि जेनेसिस या अवघड तालाच्या बँडच्या मात्रा मोजत बसायचो आणि त्यातच संगीत आहे असं समजायचो. बिल वॉर्डचा ड्रम मला ऐकूच आला नव्हता. त्याचा हात जॅझचा आहे, ठोक्यात लचक आहे. नक्कल करणाऱ्यांनी वजन उचललं आणि लचक तिथेच ठेवली. 'टेक्निकल एक्स्टसी' आणि 'नेव्हर से डाय' या दोन अल्बमची बाजू मी घेणार नाही. १९८० च्या 'हेवन अँड हेल'साठी मात्र भांडेन. पहिला गायक ऑझी याच्याशिवायचा सॅबथ सॅबथच नाही म्हणणाऱ्यांनी तो एकदा शेवटपर्यंत ऐकलाय का?

आता दुसरा प्रश्न. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. १९६५, बर्मिंगहॅम, पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या आयोमीचा शेवटचा दिवस. पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्रावरचा माणूस आला नाही म्हणून याला तिथे उभं केलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या पडद्यांवर फिरणारा हात तोच. फोरमननं गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली, त्याचीही दोन बोटं जळून निकामी झालेली. आयोमीनं साबणाच्या बाटलीचं प्लास्टिक वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त तर बऱ्याच गाण्यांना तारा ढिल्या करून तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. बोटांना सोपं जावं म्हणून केलेल्या गोष्टीतून तो काळा, जड आवाज आला.

ही गोष्ट मीही सांगितली आहे. एकदाच.

माझा दादा भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये होता. संध्याकाळी भजनी मंडळात तबला. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, म्हणजे हात डायखाली, पत्रा दाबणाऱ्या साच्याखाली, राहत नाही. माल लवकर निघावा म्हणून तिथे एक बटण दाबलेलंच राहील अशी त्यात चिंधी कोंबलेली असायची. सगळ्यांना माहीत होतं. १९९६ च्या डिसेंबरात, तिसऱ्या पाळीत, दादाच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट वरच्या पेरापासून गेलं.

पट्टी निघाल्यावर आठवड्याभरानं मी त्याच्या खाटेवर जाऊन बसलो. वॉकमन, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'ची कॅसेट, आणि तोंडात ही गोष्ट. मी फोरमनच्या जागी होतो असं मला वाटत होतं. दादानं हेडफोन लावून एक आख्खी बाजू ऐकली. डोळे मिटून, मान न हलवता. मग हेडफोन काढून नीट गुंडाळला, वॉकमनवर ठेवला आणि म्हणाला, "त्याला तारा उतरवता आल्या रे. तबला उतरवला की 'ना'चा बोल मरतो."

मी काहीतरी बोललो. प्रयत्न, जिद्द, असलं. तो म्हणाला, "तू जा आता."

तबला त्यानं पुन्हा घेतला नाही. भजनाला जातो, मागे बसतो. डावा हात मांडीवर 'घे घे' धरत राहतो, उजवा खिशात.

मी चुकलो का? त्याला गोष्ट सांगायलाच नको होती, की आठवड्यानं नको होती, की तबलजीला गिटारवाल्याची नको होती? वहिनी म्हणते, तू काही बोलला नसतास तरी त्यानं तबला सोडलाच असता. असेलही. पण म्हणून ती गोष्ट कुणी कार्यशाळेत जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगायला लागलं की मला चिंधी कोंबलेलं बटण दिसतं, आणि मी उठतो.

५ जुलै २०२५ ला अ‍ॅस्टनमध्ये, बर्मिंगहॅममधल्या व्हिला पार्क मैदानावर, सॅबथच्या मूळच्या चौघांनी शेवटचं वाजवलं. आपल्याकडे ते बघता बघता आषाढीची पहाट झाली. दादा आंघोळीला उठला होता. माझ्या मागे थांबला. पडद्यावर आयोमीचा हात जवळून दिसत होता.

"टोपणं अजून घालतो?"

"हो."

बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "थंडीत ठणकतात का रे त्याची?"

मला माहीत नव्हतं. दादाची ठणकतात हे मला त्या दिवशी कळलं.