भरलेली बाटली

दुपारचे तीन वाजले होते आणि बँकेच्या कॅश काउंटरवरच्या ताईंची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"ताई, घोटभर पाणी तरी प्या, आम्ही थांबतो."

नोटा मोजता मोजताच म्हणाल्या, "पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठायचं तर ड्रॉवर, केबिन, सगळं कुलूपबंद करायचं. तोवर इथे आरडाओरडा. मागच्याच महिन्यात युरिन इन्फेक्शन झालं होतं."

शेजारच्या दोन खिडक्या बंद. माणूसच नाही.

'लंच टाइम'वरून आपण बँकवाल्यांची टर उडवतो. पण शटर पडल्यावर कॅश जुळवत बसणं, नोट कमी भरली तर पदरचे पैसे घालणं, वर विमा विकायचं टार्गेट, हे कुणाला दिसतं? माझ्या ओळखीतल्या कितीतरी बँकवाल्यांना चाळिशीतच बीपी, शुगर, मानेचा पट्टा लागलाय.

२०१५ पासून दुसरा-चौथा शनिवार सुट्टी आहे. पाच दिवसांच्या आठवड्यावर २०२४ मध्ये बँकांची असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांचं एकमत झालं, तेही सरकारच्या मंजुरीच्या अटीवर. उरलेल्या शनिवारची ती सुट्टी मिळायलाच हवी.

पण पाच मिनिटं खिडकी सांभाळायला शाखेत एक जादा माणूस द्यायला कुणाच्या मंजुरीची वाट बघायची?