क्रो पासची वाट: छोट्या नळीची रिव्हॉल्व्हर नेणाऱ्यांसाठी

अलास्कात गर्डवुडहून ईगल रिव्हरकडे जाणारी क्रो पासची वाट साधारण 21 मैलांची आहे. सुरुवातीला खडा चढ, जुन्या सोन्याच्या खाणीचे गंजलेले अवशेष, मग साडेतीन हजार फुटांच्या आसपासची खिंड आणि समोर रेवन हिमनदी. इथपर्यंत रान उघडं, अस्वल दुरून दिसतं. खिंड उतरली की वाट छातीएवढ्या गवतात आणि काऊ पार्सनिप या उंच रानटी झाडाच्या जाळीत शिरते. वीस पावलांपलीकडचं दिसत नाही आणि ओढ्यांच्या खळखळाटात आवाजही पोहोचत नाही.

अस्वल अंगावर आलं तर पहिला हात बेअर स्प्रेवरच, म्हणजे अस्वलाला परतवणाऱ्या तिखट फवाऱ्यावरच, जायला हवा. किमान 225 ग्रॅमचा डबा घ्या. विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही, त्यामुळे अँकरेजलाच विकत घ्यावा लागतो. रिव्हॉल्व्हर त्याच्यानंतर.

आपल्याकडच्या अनेकांना एक नियम माहीत नसतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसं बाळगणं सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. कॅनडामार्गे गाडीने जाणार असाल तर रिव्हॉल्व्हर घरीच ठेवा. 105 मिलीमीटर किंवा त्याहून आखूड नळीची हँडगन तिथे निषिद्ध आहे.

आता बुलेटबद्दल, म्हणजे काडतुसाच्या टोकाला बसवलेल्या शिशाच्या गोळीबद्दल. अडीच इंची नळीतून वेग मिळत नाही, म्हणून वेगावर फुलणारी पोकळ नाकाची बुलेट इथे कामाची नाही. हवी ती रुंद, चपट्या नाकाची, वजनदार, सरळ खोल जाणारी. .357 मॅग्नम या मापात 180 ग्रेन (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं एकक), .44 मॅग्नममध्ये 240 ते 255 ग्रेन. .44 मध्ये 300 ग्रेनचा पूर्ण दाबाचा भार (म्हणजे तसं भरलेलं काडतूस) हलक्या रिव्हॉल्व्हरमधून झाडला तर दुसरी गोळी वेळेत नेमावर येत नाही, त्यामुळे तो मोह टाळा.

काडतुसांच्या डब्यावरच्या ‘हार्ड कास्ट’ (कडक ओतीव शिसं) या शब्दांवर भाळू नका. ब्रिनेल मोजमापावर 12 ते 15 कडकपणा पुरेसा असतो. 90 टक्के शिसं, 5 टक्के कथील आणि 5 टक्के अँटिमनी हे मिश्रण 15 च्या आसपास येतं. लिनोटाइप हे छपाईच्या खिळ्यांचं मिश्रण 22 पर्यंत जातं, पण ठिसूळ असतं. जाड हाडावर तुकडे होण्याची भीती असते.

कडकपणापेक्षा माप महत्त्वाचं. रिकाम्या सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) तोंडात सुटी बुलेट घालून पेन्सिलीने ढकला. हलक्या दाबाने सरकली तर माप बरोबर. आपोआप गळून पडली तर ती बारीक आहे: तापलेला वायू कडेने निसटतो, शिसं वितळतं आणि नळीच्या सुरुवातीलाच करड्या रेघा धरतात. तयार काडतुसं घेतलीत तर डझनभर झाडून त्याच जागी टॉर्च मारून पाहा.

आता सगळ्यात घातक दोष. हलक्या फ्रेमचा धक्का इतका जोराचा असतो की न झाडलेल्या काडतुसांतली बुलेट पुढे सरकते, सिलिंडरबाहेर डोकावते आणि सिलिंडर अडकतं. चाचणी सोपी आहे. एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून नोंदवा, मग सहा भरा. मोजलेलं शेवटी ठेवून पाच झाडा, ते काढून पुन्हा मोजा. असं तीनदा करा. एक शतांश इंचाहून जास्त वाढ दिसली तर तो भार बाद. काडतुसं स्वतः भरणाऱ्यांनी बुलेटच्या खोबणीत घट्ट रोल क्रिंप द्यावा, म्हणजे काडतुसाची कड आत वळवून बुलेट पकडावी; कड नुसती दाबणारा टेपर क्रिंप इथे पुरत नाही. रेंजवर वजनदार रिव्हॉल्व्हरमधून घेतलेली चाचणी धरू नका. जी नेणार तिच्यातूनच घ्या.

होल्स्टर छातीवरचा हवा. सॅकचा कंबरपट्टा कमरेची जागा खातो आणि अर्ध्या वाटेनंतर ईगल नदी पायी ओलांडायची असते. खुणा लावलेल्या उतारावरूनच, शक्यतो सकाळी उतरा. दुपारी हिमनदी वितळून पाणी चढतं. पाण्यात शिरण्याआधी सॅकचा कंबरपट्टा आणि सॅकचाच छातीचा पट्टा दोन्ही सोडा. पलीकडे पोहोचलात की काडतुसं काढा, सिलिंडर हाताने फिरवून पाहा. हिमनदीचा पिठासारखा गाळ बुलेटवरच्या वंगणाच्या मेणाला चिकटतो, तो फडक्याने पुसल्याशिवाय परत भरू नका.

स्वसंरक्षणात अस्वल मारावं लागलंच, तर राज्याच्या मासे व वन्यजीव खात्याला ताबडतोब कळवावं लागतं. नखांसकट कातडं आणि कवटी काढून खात्याकडे जमा करायची, लेखी अहवाल 15 दिवसांत द्यायचा. म्हणून सॅकमध्ये एक धारदार सुरी आणि मोठी जाड पिशवी असू द्या.