दादाला दाखल करताना सही कुणाची?

मानसिक आजाराच्या उपचारांसाठी दादाने नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून वहिनीऐवजी माझं नाव दिलं, त्यावरून घरात अजून धुसफूस आहे. "संसार मी करायचा आणि सही हिची?" वहिनीचा राग खोटा नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १४ तसंच आहे. आपल्या वतीने कोण बोलणार, हे माणसाने शुद्धीत असताना साध्या कागदावर सही करून ठरवायचं. लग्नाची बायको म्हणून तो मान आपोआप मिळत नाही.

आधीच्या, १९८७ च्या कायद्यात नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले असले की माणूस ९० दिवसांपर्यंत मनोरुग्णालयात. तेव्हा भावकीच्या भांडणात असे अर्ज झाले नसतील, असं मला कुणी सांगू नये.

गेल्या पावसाळ्यात दादाने औषधं सोडली, मग जेवण, मग पाणीही. त्याला दाखल करण्यासाठी नव्या कायद्याच्या कलम ८९ खाली अर्ज मीच दिला. एक सायकियाट्रिस्ट आणि आणखी एक डॉक्टर, दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस.

"यासाठी दिलं होतं का तुझं नाव?" दादा ओरडला. मी म्हटलं, "हो, यासाठीच."

चार घास पोटात गेल्यावर त्याने पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे अशा दाखल करण्याची फेरतपासणी करणाऱ्या मंडळाकडे, दाद मागायची म्हटलं. वॉर्डातले एक गृहस्थ हसले. "घरच्यांनीच आणलंय ना, मग तक्रार कसली?" या वाक्याने माझं डोकं फिरलं. घरच्यांनी आणलंय, म्हणून तर तिसऱ्या कुणीतरी बघायला हवं! माझ्याच सहीविरुद्धचा अर्ज मी दादाला लिहून दिला. असा अर्ज आला की मंडळाने सात दिवसांत तपासणी करायची असते. मंडळाने दाखल करणं योग्य ठरवलं. मोबाइलवर बोलू देत नव्हते, ते मात्र सुरू झालं. तोही कायद्याने हक्कच आहे. दादा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, फोन मात्र मित्रांना लावत होता.

आता घरी बसून तो आगाऊ निर्देश लिहितोय, म्हणजे पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याचा कागद. हॅलोपेरिडॉल हे औषध नको, मान अखडते, हे पहिलंच वाक्य. प्रतिनिधींची नावं पसंतीच्या क्रमाने देता येतात, म्हणून दुसरं नाव त्याने वहिनीचं घातलंय. प्रतिनिधीची लेखी संमतीही लागते. वहिनी म्हणते, दुसऱ्या नंबरवर सही करायची की नाही ते बघू.