वेताळ टेकडीवरचा साबुदाणा

रविवारी सकाळी सहाला पुण्यातली वेताळ टेकडी पंचवटीच्या बाजूने चढायला लागलो. बरोबर आठवीतला भाचा. पाऊस संपून दोन आठवडे झाले होते, गवत कमरेला लागत होतं आणि पायवाटेवरचा मुरूम सुटा झाला होता. जुन्या खाणीकडे उतरताना माझा पाय घसरला. पडले नाही, पण पायाखालचं ढेकूळ फुटलं.

‘मावशी, थांब, हलू नकोस!’ म्हणत भाचा तिथेच उकिडवा बसला.

फुटलेल्या दगडात पांढरे ठिपके दिसत होते. जवळून पाहिलं तर ठिपके कसले, गोळ्याच होत्या. भिजवलेल्या साबुदाण्याएवढ्या, काही जरा लांबट. एक निखळून त्याच्या हातात आली, तिच्या जागी गुळगुळीत खळगा राहिला. आपला हा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे झिरपलेल्या पाण्यातल्या खनिजांनी त्या पोकळ्या भरल्या. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमधून कॅव्हनसाइट हे गडद निळं खनिज निघालं.

मला मात्र ऑपॉर्च्युनिटी आठवली, नासाची मंगळावर फिरणारी रोव्हर, म्हणजे चाकांची यंत्रगाडी. २००४ मध्ये ती मंगळावर उतरली ती नेमकी एका लहानशा विवरात, आणि समोर मातीवर अशाच बारीक गोळ्यांचा सडा. शास्त्रज्ञांनी त्यांना ‘ब्लूबेरी’ म्हटलं. त्या हेमॅटाइटच्या, म्हणजे लोहखनिजाच्या. घडण आपल्या गोळ्यांहून वेगळी: भूजलातून थरांच्या खडकात खनिज साठत गेलं, भोवतालचा मऊ खडक झिजला, कठीण गोळ्या उरल्या. पण घडवणारं पाणीच. ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो.

पाय घसरल्यामुळे दगड फुटला याचं भाच्याला फार अप्रूप. म्हटलं, अरे, तिथेही असंच झालंय. स्पिरिट रोव्हरचं पुढचं एक चाक २००६ मध्ये बंद पडलं. मग ती उलटी चालायची, ते चाक फरफटत. त्या फरफटीने २००७ मध्ये खालची पांढरी माती उघडी पडली आणि ती जवळजवळ ९० टक्के सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, निघाली! गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ किंवा वाफेच्या जागी साठते तशी. चाक धड असतं तर स्पिरिट वरून निघून गेली असती.

आणि क्युरिऑसिटी रोव्हर! सुमारे ९०० किलोंचं ते धूड २०२४ च्या मे महिन्यात एका दगडावरून गेलं, दगड फुटला, आत पिवळेधमक स्फटिक. शुद्ध गंधक. गंधकाचे क्षार मंगळावर आधी सापडले होते, नुसतं गंधक कधीच नाही. आजूबाजूला तसलेच दगड पसरलेले. ते तिथे आलं कसं, हे अजून कोडंच आहे.

‘तिथे एक दगड आपोआप आला होता ना?’ भाच्याने विचारलं. २०१४ चा तो दगड, आधीच्या फोटोत नव्हता, नंतरच्या फोटोत होता. तोही ऑपॉर्च्युनिटीच्याच चाकाने उडवलेला.

‘म्हणजे सगळं चाकाखालीच!’

खाणीतल्या पाण्यावर ऊन आलं होतं, तरी तो उठेना. गोळी खिशात टाकू का विचारलं, मी नको म्हटलं. मग त्याने ती पुन्हा त्याच खळग्यात बसवून पाहिली. तीन वेळा फिरवल्यावर बसली.