राणी गेल्याची बातमी आणि १९ सेकंद

गेल्या हिवाळ्यात आमचा दौरा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात होता, नाटक शेक्सपिअरचं मॅकबेथ, आणि दुपारचा प्रयोग फक्त शाळांसाठी. त्या प्रयोगात पाचव्या अंकात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. ग्रुपमधल्या सगळ्यांशी बोलून झालंय, प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

मी डेप्युटी स्टेज मॅनेजर आहे, इकडे याला 'बुकवर असणं' म्हणतात. बुक म्हणजे जाडजूड फाइल, एका पानावर संहिता आणि समोरच्या पानावर कोण कुठून येतो, कुठे थांबतो, कुठला लाइट आणि कुठला आवाज नेमक्या कुठल्या शब्दावर सुटतो ते सगळं पेन्सिलीने, पेन्सिलीनेच, कारण ते बदलत राहतं. हेडसेटवर मी आधी "स्टँडबाय" म्हणते आणि मग त्या अक्षरावर "गो". मी गो म्हटल्याशिवाय लाइटवाला बटण दाबत नाही, त्यामुळे प्रयोग चालू असताना "मी जरा पाणी प्यायला गो करते" असलं काही चुकूनसुद्धा बोलायचं नसतं.

पुण्यात असताना एकांकिका स्पर्धांना विंगेत उभं राहून भरपूर प्रॉम्प्टिंग केलंय. नट अडकला की ओळ द्यायची, त्यात कुणाला काही वाटत नाही. इथे तसं नाही. तालमीत ओळी मीच देते, पण एकदा प्रेक्षक आले की नट एकमेकांना सावरून घेतात, आणि बुकवरच्या माणसाने तोंड उघडणं म्हणजे अगदी नाइलाज झाला तरच. पाच वर्षांत मी प्रेक्षकांसमोर एकदाही ओळ दिली नव्हती.

या नाटकात माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे रक्त. दुसऱ्या अंकात डंकन राजाचा खून करून मॅकबेथ बाहेर येतो तेव्हा दोन्ही हात मनगटापर्यंत लाल असतात, मग दारावर ठोठावणं सुरू होतं, नवरा-बायको आत पळतात, आणि लगेच पुढच्या प्रवेशात तो झोपेतून उठल्यासारखा स्वच्छ हातांनी यायला हवा. मध्ये काय आहे तर दारुड्या द्वारपालाचा विनोदी प्रवेश. लोक म्हणतात ताण हलका करायला घातलाय, असेलही, पण विंगेत उभं राहिलं की कळतं की तो हात धुवायला दिलेला वेळ आहे! आमच्याकडे विंगेत दोन बादल्या, कोमट पाणी, बेबी शाम्पू, काळे टॉवेल (पांढऱ्यावर डाग दिसतात आणि अंधारात पांढरं चमकतं), नखांसाठी ब्रश, आणि दोन जणी दोन हातांना. तो द्वारपाल वर 'शब्दांशी खेळून शपथेवर खोटं बोलणाऱ्यां'वर बोलत असतो, तो टोमणा १६०६मध्ये राजाविरुद्धच्या कटासाठी फादर गार्नेट या पाद्रीवर चाललेल्या खटल्यावरचा समजतात. त्याच्या आदल्या नोव्हेंबरमध्ये संसदेखाली बंदुकीची दारू भरून राजा जेम्सला उडवायचा कट पकडला गेला होता. म्हणजे राजा नुकता वाचलाय, आणि त्याच्याच आश्रयाखालची मंडळी राजाच्या खुनाचं नाटक करतायत. आपण बादलीत एका खुन्याचे हात धुतोय आणि वर लोक हसतायत, हे मला दर वेळी आत कुठेतरी लागतं.

तर शाळांचा प्रयोग. इकडे हे नाटक बऱ्याच शाळांत आपल्या दहावीसारख्या परीक्षेला असतं, त्यामुळे मुलांच्या हातात वर्कशीट असते. मध्यंतरात एक पडलेली मी उचलली तर त्यावर लिहिलेलं, मॅकबेथचा घातक दोष: डॅश डॅश, आणि मुलाने भरलेलं, महत्त्वाकांक्षा. मला याचा खरंच राग येतो, मुलाचा नाही, ज्याने ती रिकामी जागा आखली त्याचा. खून करायच्या आधी मॅकबेथ स्वतःच्या तोंडाने सांगतो की माझ्याकडे दुसरं कारण नाही, फक्त महत्त्वाकांक्षा आहे. बायकोला सांगतो की हे आपण इथेच थांबवू. त्याला सगळं दिसतंय, राजा पाहुणा आहे, नातेवाईक आहे, चांगला आहे, आणि तरी तो जातो. दोष काय आहे ते त्याला आपल्या आधी माहितीये, मग तो ओळखून एका शब्दात लिहिण्यात शिकवलं काय? मी आधी 'चेंजलिंग' या नाटकावर काम केलंय, १६२२चं, त्यात पण तेच. त्यातल्या नायिकेला, बिआट्रिसला, वाटतं मारेकऱ्याला पैसे दिले की आपण मोकळे, आणि तो डी फ्लोरेस तिला सांगतो की तू आता त्या कृत्याचीच झालीस. जेम्सच्या काळातल्या या नाटकांमध्ये माणूस मरतो शेवटच्या पानावर, पण पडायला त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो.

पाचवा अंक, पाचवा प्रवेश. आतून बायकांची किंकाळी, तो माझा साउंड क्यू ६४, म्हणजे आवाज सोडायची खूण. मॅकबेथ विचारतो हा कसला आवाज, सेटन नावाचा सेवक सांगतो बायका रडतायत. मग मॅकबेथ म्हणतो की भीतीची चवच मी विसरलोय, पूर्वी रात्री अशी किंकाळी ऐकली की अंगावर काटा यायचा. मग पुन्हा विचारतो कशाला रडतायत, आणि सेटन म्हणतो, महाराज, राणीसाहेब गेल्या. १६२३च्या छापील फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, सेटन मध्ये बाहेर गेल्याचं लिहिलेलंच नाही, नंतरच्या संपादकांनी त्याला आत-बाहेर केलंय. आमचा सेटन हलत नाही. म्हणजे त्याला आधीपासून माहिती होतं आणि त्याने सांगितलं नव्हतं.

यानंतर मॅकबेथची ओळ, ती पुढे कधीतरी मरायला हवी होती. तालमीपासून तो मध्ये तीन सेकंद घ्यायचा, माझ्या बुकात तसं लिहिलेलं.

त्या दिवशी तीन झाले, पाच झाले. मला वाटलं आज जास्त घेतोय, छान. आठ. माझ्यासमोरच्या छोट्या मॉनिटरवर तो मला हिरवट दिसत होता, तोंड किंचित उघडं, नजर सेटनवर पण सेटनला बघत नसलेली. प्रेक्षागृह इतकं शांत की लाइटच्या पंख्यांचा आवाज येत होता, आणि हीच मुलं पहिल्या अंकापासून वेफर्स खात होती. बारा. सेटनने माझ्याकडे पाहिलं, मान न हलवता, फक्त डोळे. हेडसेटवर लाइटवाला म्हणाला, अडकलाय का गं? पंधरा. माझ्या काळजात धस्स झालं, कारण बाल्कनीत एक मुलगा हसला, वाईट हेतूने नाही, त्या वयात अशी शांतता सहन होत नाही तसं. आणि मला वाटलं आता सगळे हसतील आणि या माणसाची माती होईल. स्टॉपवॉचवर १९ असताना मी विंगेतून ओळीचे पहिले तीन शब्द दिले.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ओळ उचलली आणि बोलला, पण आवाज सपाट, थकलेला, आणि 'उद्या, आणि उद्या, आणि उद्या' हे त्याने मी कधीच ऐकलं नव्हतं तसं म्हटलं, रेशनच्या रांगेत उभ्या माणसाने पुढे किती लोक आहेत मोजावं तसं. शेवटच्या शब्दावर माझा लाइट क्यू ११२. मी गो म्हणायला अर्धा सेकंद उशीर केला. बाकी नाटक नीट झालं, मॅकडफने त्याला मारलं, डोकं आणलं, टाळ्या, मुलांना बसमध्ये घालायची घाई.

नंतर मी त्याच्या मेकअप रूमच्या दारात गेले, सॉरी म्हणाले. तो दाढी पुसत होता. म्हणाला, "सॉरी कशाला, तू तुझं काम केलंस." मग थांबला आणि म्हणाला, "ओळ आठवत होती गं. ती गेली हे ऐकल्यावर आत काय होतंय ते मी बघत होतो. काहीच होत नव्हतं. रोज काहीतरी होतं, आज काहीच नाही, आणि मला वाटलं हेच आहे ते, याच्यातच थांबून बघू."

सेटन करणारा मात्र शपथेवर सांगतो की तो ब्लँक झाला होता, मी समोर उभा होतो, डोळे बघितलेत, तू वाचवलंस त्याला. दिग्दर्शक फोनवर म्हणाला बरोबर केलंस, पण तो तिथे नव्हताच. मला सेटनचं पटतं आणि मॅकबेथचंही पटतं, आणि कदाचित दोन्ही एकाच वेळी झालं असेल, आधी एक आणि मग दुसरं, आणि मी नेमकी कुठल्या सेकंदाला बोलले ते मला आता कळणार नाही.

शो रिपोर्टमध्ये मी लिहिलं: अंक ५, प्रवेश ५, एक प्रॉम्प्ट दिला.

त्यानंतर दौऱ्याचे २३ प्रयोग झाले. मी प्रत्येक वेळी त्या जागी स्टॉपवॉच बघायचे. त्याने दर वेळी तीनच सेकंद घेतले.